ओब्रायन काउंटीतील जमीनमालक, खंडकरी आणि नवे खरेदीदार यांच्यासाठी शरद हंगामाचा कृषी सल्ला

अमेरिकेतील आयोवा राज्याच्या वायव्य भागात ओब्रायन काउंटी आहे. ऑगस्टच्या अखेरीस तेथे मका पक्वतेकडे झुकलेला असतो आणि सोयाबीनची पाने पिवळी पडण्यास अजून थोडा अवकाश असतो. शेतात फारसे काम नसलेल्या या दिवसांतच वर्षातील सर्वांत महत्त्वाचे कागदी काम पूर्ण करावे लागते. आयोवाच्या कायद्याप्रमाणे शेतजमिनीचा खंड १ मार्चपासून बदलतो आणि तो संपवायचा असल्यास आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपर्यंत लेखी नोटीस द्यावी लागते. ही तारीख चुकली, तर जुना करार त्याच अटींवर आणखी एका पीकवर्षासाठी आपोआप चालू राहतो. नोटीस ‘सर्टिफाइड मेल’ने, म्हणजे प्रमाणित टपालाने, पाठवावी किंवा समक्ष देऊन पोच म्हणून सही घ्यावी. कुंपणापाशी उभे राहून झालेले बोलणे नोटीस ठरत नाही. खंड वाढवायचा किंवा कमी करायचा असला तरी हीच तारीख लागू असते, म्हणून नव्या अटींवर बोलणी चालू असतानाही मालकाने नोटीस देऊन ठेवणे योग्य, आणि खंडकऱ्याने त्यात अपमान मानू नये. महाराष्ट्रातील कूळकायद्याची सवय असलेल्या वाचकांनी एक फरक ध्यानात घ्यावा: आयोवात कसणाऱ्याला वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने मालकीचा हक्क मिळत नाही, त्याचे संरक्षण करारात आणि या नोटिशीच्या नियमातच आहे.

यानंतरचा मुद्दा जमिनीच्या किमतीचा, कारण या काउंटीत शेतीचा प्रत्येक निर्णय आज किमतीच्या सावलीत घेतला जात आहे. आयोवा स्टेट विद्यापीठ १९४१ पासून दरवर्षी जमिनीच्या किमतींची पाहणी करते. तिच्यानुसार राज्याची सरासरी किंमत २०२२ मध्ये एकरी ११,४११ डॉलर, २०२३ मध्ये ११,८३५ डॉलर आणि २०२४ मध्ये ११,४६७ डॉलर होती. २०२२ च्या पाहणीत ओब्रायन काउंटीची सरासरी १६,५३१ डॉलर, म्हणजे राज्यात सर्वाधिक, निघाली. या किमतीमागे लोएसची, म्हणजे वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक मातीची, खोल, गाळवट, सपाट जमीन आहे आणि तिच्या जोडीला या भागातील दाट वराहपालन आहे. वराहपालकाला खाद्यासाठी मका लागतो आणि गोठ्याखालच्या खड्ड्यातील द्रवरूप खत पसरवण्यासाठी जवळची जमीन लागते. त्यामुळे शेजारचे शेत विकायला निघाले की तो चढी बोली लावतो. ही गरज नसलेल्या खरेदीदाराने त्याच्या बोलीला बाजारभाव समजू नये.

जमिनीचा कस तेथे ‘सीएसआर२’ या गुणांकाने मोजतात. तो ५ ते १०० असा असतो आणि ओब्रायनच्या सपाट शिवारात ९० च्या पुढे जातो. दोन शेतांची तुलना एकरी किमतीवरून न करता लागवडीयोग्य एकरामागे आणि प्रत्येक गुणामागे किती डॉलर पडतात यावरून करावी. समजा, ८० एकरांचे शेत एकरी १५,००० डॉलरने विकले गेले. त्यात रस्ता, बांध आणि ओघळ वगळून ७६ एकर लागवडीखाली असतील आणि सरासरी गुणांक ९५ असेल, तर लागवडीयोग्य एकराची किंमत सुमारे १५,७८९ डॉलर आणि प्रत्येक गुणाची सुमारे १६६ डॉलर पडते. हा आकडा काढल्याशिवाय शेजारच्या लिलावातील भाव आपल्या जमिनीला लावू नये.

त्यानंतर उत्पन्नाचा हिशेब करावा. राज्यातील सरासरी रोख खंड २०२३ मध्ये एकरी २७९ डॉलर होता. त्या वर्षीच्या सरासरी किमतीशी हे प्रमाण २.४ टक्क्यांच्याही थोडे खाली पडते, आणि त्यातून मालमत्ता कर, विमा व निचऱ्याची दुरुस्ती अजून वजा व्हायची असते. एकरी १२,००० डॉलरच्या जमिनीसाठी निम्मी रक्कम ७ टक्के व्याजाने घेतली, तर पहिल्या वर्षीचे व्याजच ४२० डॉलर होते, म्हणजे खंडातून व्याजही फिटत नाही. ज्याची आधीची जमीन कर्जमुक्त आहे तो हा भार पेलू शकतो. विद्यापीठाच्या २०२२ च्या मालकी-पाहणीत आयोवातील ८४ टक्के शेतजमिनीवर कर्ज नव्हते, आणि किमती टिकून राहण्याचे ते एक मोठे कारण आहे. पण सर्व जमीन कर्जावर घेणाऱ्या तरुण शेतकऱ्याने शेजाऱ्याची ताकद स्वतःची समजू नये, हे मी आग्रहाने सांगतो. याच राज्यात १९८१ मध्ये २,१४७ डॉलर असलेली सरासरी १९८६ मध्ये ७८७ डॉलरवर आली. त्या पाच वर्षांत जी कुटुंबे शेतीतून उठली त्यांची जमीन नापीक नव्हती. वाढत्या किमतीच्या तारणावर काढलेले कर्ज चढ्या व्याजदरात आणि पडलेल्या धान्यभावात फेडता आले नाही, एवढेच घडले होते.

कापणीच्या काळात प्रत्येक शेताचे उत्पादन स्वतंत्र नोंदवावे. मका साधारण २० ते २५ टक्के ओलाव्यावर कापायला घेतात. विक्रीचा हिशेब मात्र १५.५ टक्के ओलाव्याच्या ५६ पौंडी बुशेल या मापावर होतो, म्हणून नोंदीत ओलावा आणि वजन दोन्ही असावेत. कोठीत गेल्या वर्षीचे धान्य उरले असल्यास नवे धान्य त्यावर ओतण्यापूर्वी जुन्याचे मोजमाप करून घ्यावे, अन्यथा पीकविम्याच्या दाव्यात दोन वर्षांचे उत्पादन वेगळे दाखवता येत नाही. विम्यासाठी ४ ते १० वर्षांच्या उत्पादनाची सरासरी धरली जाते. हीच नोंद खंडाच्या वाटाघाटीत आणि पुढे विक्रीच्या वेळीही उपयोगी पडते. धान्याचे भाव अस्थिर असताना ठराविक रोख खंडापेक्षा कमी मूळ रक्कम आणि उत्पादन-भाव चांगले निघाल्यास वाढीव वाटा असा लवचीक करार दोन्ही पक्षांना अधिक न्याय्य ठरतो, असे माझे मत आहे.

कापणीनंतर माती परीक्षण करावे. नमुने दरवेळी सहा इंच खोलीवरून आणि एकाच हंगामात घ्यावेत. कापणीच्या वेळी पाऊस झाला नसेल, तर पालाश काडातच अडकून राहतो आणि अहवालात तो कमी दिसतो. शक्य असल्यास एक-दोन चांगल्या पावसांनंतर नमुने काढावेत. याच काउंटीतील सदरलँड गावाजवळ विद्यापीठाचे संशोधन प्रक्षेत्र याच प्रकारच्या मातीवर आहे, त्यामुळे दूरच्या कंपनीच्या पत्रकापेक्षा तेथील खत आणि वाणांच्या चाचण्यांना अधिक वजन द्यावे. अमोनिया आणि वराहखत घालण्याची घाई करू नये. चार इंच खोलीवर मातीचे तापमान ५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरून आणखी उतरत राहील असे दिसल्यावरच ते द्यावे. त्याआधी दिल्यास अमोनियम नत्राचे नायट्रेट होते आणि वसंतातील पावसाबरोबर ते निचऱ्याच्या नळ्यांतून ओढ्यात वाहून जाते. पैसा जातो आणि पाणीही बिघडते.

शरद ऋतू हा लिलावांचा काळ असतो. बोली लावण्यापूर्वी काउंटीच्या मुख्य गावी, प्रिमगार येथे, रेकॉर्डरच्या कार्यालयात जाऊन जमिनीवरील नोंदी पाहाव्यात, जसे आपण सातबारा आणि फेरफार पाहतो. या काउंटीत २१४ पवनचक्क्यांचा मोठा प्रकल्प आहे. शेतातून जाणारा त्याचा रस्ता, तारा किंवा वाहिनीचा हक्क नव्या मालकावरही बंधनकारक राहतो. जमीन निचरा जिल्ह्यात, म्हणजे सामायिक निचऱ्यासाठी आकारणी होणाऱ्या क्षेत्रात, येते का आणि दुरुस्तीची आकारणी थकली आहे का, हे विचारावे आणि जमिनीखालच्या नळ्यांचा नकाशा मागून घ्यावा. नकाशा नसल्यास किमतीतून तेवढी सूट मागणे रास्त आहे. १ सप्टेंबरची नोटीस दिली गेली होती का, हेही तपासावे, कारण दिली गेली नसेल तर पुढच्या वर्षी ती जमीन जुना खंडकरीच करील. बहुतेक लिलावांत दहा टक्के रक्कम त्याच दिवशी भरावी लागते आणि कर्ज मंजूर न झाल्यास व्यवहार रद्द करण्याची सवलत नसते.

मिडवेस्टमध्ये, म्हणजे आयोवा ज्यात येते त्या अमेरिकेच्या मध्य-उत्तर भागात, नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी काहींना शेतजमीन घेण्याची इच्छा होते, आणि ती स्वाभाविक आहे. परंतु आयोवात अमेरिकेचे नागरिक किंवा कायमचे रहिवासी नसलेल्या व्यक्तींना शेतजमीन घेण्यावर कायद्याने निर्बंध आहेत, म्हणजे केवळ कामाच्या व्हिसावर असणाऱ्याने या लिलावात उतरू नये. ज्या राज्यांत अशी मनाई नाही, तेथेही १९७८ च्या संघीय कायद्याप्रमाणे अशा खरेदीची माहिती ९० दिवसांच्या आत कृषी खात्याला द्यावी लागते आणि न दिल्यास जमिनीच्या किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्रीन कार्ड असलेल्यांनीही बोली लावण्याआधी, म्हणजे सप्टेंबरमध्येच, त्या राज्यातील शेतजमिनीचे व्यवहार पाहणाऱ्या वकिलाकडून आपली कागदपत्रे तपासून घ्यावीत.