रक्ताच्या गुठळ्या काढणाऱ्या कंपन्यांचे शेअर घेण्याआधी

मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी सरकवायची, मेंदूत किंवा फुफ्फुसात अडकलेल्या गुठळीपर्यंत न्यायची आणि गुठळी ओढून काढायची. 2015 मध्ये पक्षाघातावरच्या पाच चाचण्यांचे निकाल लागोपाठ अनुकूल आले आणि अमेरिकेत या साधनांचा धंदा पक्का झाला. नळी एकदाच वापरायची असल्याने प्रत्येक रुग्णामागे नवी विक्री होते. गुंतवणूकदाराला भुरळ पडते ती इथेच.

पहिली पायरी: कंपनीची कमाई खरंच गुठळ्यांतून येते का, ते बघा. अमेरिकी शेअर बाजार नियामकाच्या एडगर या संकेतस्थळावर कंपनीचा वार्षिक अहवाल, म्हणजे टेन-के, फुकट मिळतो. त्यात विक्रीची फोड शोधा. अशी साधनं बनवणाऱ्या पेनम्ब्रा या कंपनीच्या अहवालात गुठळी काढण्याच्या साधनांची विक्री वेगळी दाखवलेली असते. फुफ्फुसातल्या गुठळ्यांवरची इनारी मेडिकल तर जवळपास याच कामावर उभी होती. जानेवारी 2025 मध्ये वैद्यकीय साधनं बनवणाऱ्या स्ट्रायकर या बड्या कंपनीने ती सुमारे 4.9 अब्ज डॉलरना घेण्याचा करार केला. आता इनारीसाठी म्हणून स्ट्रायकर घ्याल, तर हिशेब असा: इनारीची 2023 ची विक्री पन्नास कोटी डॉलरच्या आत, स्ट्रायकरची 2024 ची 22.6 अब्ज. तुमच्या पैशांतला मोठा वाटा कृत्रिम गुडघ्यांना आणि शस्त्रक्रियेच्या सामानाला जाणार. पेनम्ब्रासाठीही बोस्टन सायंटिफिकने जानेवारी 2026 मध्ये सुमारे साडेचौदा अब्ज डॉलरचा करार जाहीर केला. निव्वळ गुठळ्यांवर जगणाऱ्या, शेअर बाजारात असलेल्या कंपन्या अशा कमी होत चालल्या आहेत.

दुसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक नेमकी तीच टाळतात: चाचणी वाचा. अमेरिकेत यातली बरीच साधनं फाइव्ह-टेन-के या वाटेने बाजारात येतात. आधीच्या साधनाशी साधर्म्य दाखवलं की मोठ्या चाचणीशिवायही परवानगी मिळू शकते. इनारीच्या फ्लोट्रीव्हर या साधनाला 2018 मध्ये फुफ्फुसातल्या गुठळीसाठी परवानगी मिळाली, ती शंभरेक रुग्णांच्या अभ्यासावर. त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता.

मग 2024 मध्ये पीअरलेस चाचणीचा निकाल आला आणि ‘फ्लोट्रीव्हर जिंकलं’ असा गाजावाजा झाला. इथे थांबून दोन प्रश्न विचारा. जिंकलं कोणाविरुद्ध? नळीतून गुठळी विरघळवणारं औषध सोडण्याच्या पद्धतीविरुद्ध. बहुतेक रुग्णांना नुसती रक्त पातळ करणारी औषधं दिली जातात, त्यांच्याशी ही तुलना नव्हती. आणि जिंकलं कशात? प्रकृती खालावण्याचं प्रमाण कमी राहिलं, आयसीयूची गरज कमी पडली. मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. आयसीयूचे दिवस वाचले की रुग्णालयाचा खर्च वाचतो, त्यामुळे हा निकालही विक्रीला पोषकच आहे. पण नुसत्या औषधांवरचे रुग्ण नळीकडे वळले तरच बाजार खऱ्या अर्थाने वाढेल, आणि त्यासाठी पुरावा वेगळा लागतो. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या चाचण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संकेतस्थळावर चाचणीचं नाव टाकलं की तुलना कशाशी आहे ते पाच मिनिटांत कळतं.

तिसरी पायरी: साधन परत मागवलं गेलंय का? डिसेंबर 2020 मध्ये पेनम्ब्राने जेट सेव्हन एक्स्ट्रा फ्लेक्स ही नळी परत मागवली. वापरताना टोकाशी ती फुगण्याचा, फाटण्याचा धोका होता आणि मृत्यूंचीही नोंद झाली होती. शेअर आपटला, कंपनी मात्र टिकली. एफडीएच्या, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय साधनांना परवानगी देणाऱ्या अमेरिकी नियामकाच्या, मॉड (MAUDE) या तक्रारनोंदीत साधनाचं नाव टाकून बघा. एखाददुसरी तक्रार असतेच. तोच बिघाड महिनोन्महिने दिसू लागला तर सावध व्हा.

भाव शेवटी बघा, पण बघा. ‘कोणीतरी मोठी कंपनी विकत घेईलच’ या भरवशावर वाटेल तो भाव देणाऱ्यांसाठी इनारीचंच उदाहरण आहे. मे 2020 मध्ये 19 डॉलरला विक्रीला आलेला शेअर 2021 मध्ये शंभराच्या वर गेला. स्ट्रायकरने दिले 80. कंपनी विकली गेली, तरी शिखरावर घेतलेल्यांचा तोटाच झाला.

राहिली पैसे पाठवण्याची बाब. भारतातून एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांच्या वर गेलात की वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जातो. विवरणपत्र भरताना तो वळता होतो. शेअर 24 महिन्यांहून जास्त ठेवले तर नफ्यावर साडेबारा टक्के कर आणि लागू असेल तो अधिभार. विवरणपत्रात शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरायला विसरू नका. त्यातले आकडे जानेवारी ते डिसेंबर या वर्षाचे लागतात. आणि सहसा कोणी सांगत नाही अशी गोष्ट: अमेरिकेतली मालमत्ता 60,000 डॉलरच्या वर असताना परदेशी गुंतवणूकदाराचं निधन झालं, तर तिथला वारसा कर लागू शकतो. रक्कम त्या घरात पोचायच्या आधीच सीएला विचारा.