पिकअपसाठी इंजिनात हात घालताय? या चुका टाळा

‘गाडीला पिकअप नाही’ म्हणत येणाऱ्या पोराच्या हातात बहुतेक वेळा नवा फिल्टर असतोच. विकत घेऊन झालेला, पाकीट फोडून झालेलं, फक्त बसवायचा बाकी. नक्की काय बिघडलंय हे अजून कुणी पाहिलेलं नसतं. पेट्रोलच्या भावावर तासभर बोलणारी ही माणसं रेसच्या केबलची ढिलाई बघायला दोन मिनिटं देत नाहीत. कोल्हापुरात गाड्यांची हौस दांडगी आहे, त्यामुळे त्याच त्या चुका सतत बघायला मिळतात. म्हणून हे एकदा लिहूनच टाकतो. बोलतोय ते मुख्यतः कार्बोरेटरवाल्या (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग असलेल्या) चार-स्ट्रोक गाड्यांबद्दल. आरएक्स (यामाहाच्या टू-स्ट्रोक) आणि एफआय (फ्युएल इंजेक्शनवाल्या) गाड्यांचं थोडं शेवटी येईल.

आधी एक घोळ मिटवू. टॉप स्पीड वेगळा आणि रिस्पॉन्स वेगळा. मूठ पिळल्यापासून गाडी ओढायला लागेपर्यंत जो वेळ जातो, तो म्हणजे रिस्पॉन्स. शहरात आपण मूठ अर्ध्यापलीकडे क्वचितच पिळतो, म्हणजे हा सगळा खेळ पहिल्या अर्ध्या फिरकीतला आहे. पण लोक पैसे घालतात पूर्ण मूठ पिळल्यावर कामाला येणाऱ्या सामानात. वर दोन किलोमीटरचा वेग वाढतो आणि खाली सिग्नलला गाडी अडखळते.

गाडी मूळ स्थितीत न आणताच मॉडिफिकेशन

आळसातली चूक आहे ही. केबल सैल असेल तर मुठीचा पहिला भाग नुसता हवेत फिरतो. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत मुठीवरची ढिलाई 2 ते 6 मिमी दिलेली असते. लोकांच्या गाड्यांना बोटभर ढिलाई असते आणि त्यांना वाटतं इंजिन झोपलंय. चेन सैल असेल तर रेस दिली की आधी खट् आवाज आणि मग झटका. छोट्या गाड्यांत साधारण 20 ते 30 मिमी खेळ चालतो, पण आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेतच बघा. क्लच घसरत असेल तर आवाज वाढतो आणि वेग तिथेच राहतो. हे तिन्ही तपासायला दोन पाने आणि एक तास पुरतो. त्यानंतर अर्ध्या लोकांना मॉडिफिकेशनची गरजच उरत नाही.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, गरम इंजिनवर सेट करू नका. गाडी रात्रभर थंड होऊ द्या, कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या शेवटी फ्लायव्हीलवरची ‘टी’ची खूण जुळवा आणि फिलर गेज (फट मोजायची पाती) वापरा. ‘कानाने सेट करतो’ म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नका.

कागदी फिल्टर पेट्रोलने धुऊ नका. बदला.

सीव्ही कार्बोरेटरवर कोन फिल्टर

आता माझ्या डोक्यात जाणाऱ्या चुकीकडे येतो. 150 सीसी आणि वरच्या पुष्कळ गाड्यांत सीव्ही, म्हणजे ‘कॉन्स्टंट व्हेलॉसिटी’ प्रकारचा कार्बोरेटर असतो. जुन्या साध्या कार्बोरेटरमध्ये केबल थेट स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडणारा सरकता भाग, उचलते. सीव्हीमध्ये केबल फक्त पाठची चकती उघडते. स्लाइड उचलते ती इंजिनची ओढ (इंजिन हवा आत ओढतं तो जोर), एका पातळ रबरी पडद्याच्या, म्हणजे डायफ्रामच्या मदतीने. पडद्याच्या एका बाजूला इंजिनची ओढ आणि दुसऱ्या बाजूला फिल्टरकडच्या तोंडाशी असलेला हवेचा दाब. या दोन्हींतल्या फरकावर स्लाइड तरंगते. एअरबॉक्स (फिल्टरचा बंद डबा) काढून तिथे शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर, म्हणजे कोन, लावला की कार्बोरेटरच्या तोंडाशी निवांत हवेऐवजी रस्त्यावरचं वारं येतं. स्लाइड थरथरते, मध्येच गाडी रिकामी पडते, पुन्हा उचलते. एअरबॉक्स म्हणजे नुसता फिल्टर ठेवायचा डबा नव्हे. त्याचा आकार इंजिनच्या ओढीच्या लाटांसाठी मोजूनमापून ठरवलेला असतो.

आमच्या गल्लीतल्या एका पोराची गोष्ट सांगतो. 150ची गाडी, सात-आठ वर्षांची. तक्रार अशी की पाव मुठीपर्यंत ठीक, मग गाडी दम घेते. त्याने कोन फिल्टर लावला. तक्रार वाढली. कुणीतरी सांगितलं, हवा वाढली की पेट्रोल वाढवावं लागतं. तत्त्व बरोबर, पण ते लागू कुठे करायचं हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. पोराने मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा पितळी तुकडा, बदलायला घेतला. मोठा जेट मिळेना, म्हणून उद्यमनगरात एका लेथवर जाऊन 112 नंबरच्या मूळ जेटमधून 1.3 मिमीचा ड्रिल फिरवून आणला. त्या बनावटीच्या जेटचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. 1.12 चा 1.3 झाला म्हणजे ‘थोडासाच’ वाटतो. पण पेट्रोल वाहतं ते क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. भोक जवळपास 35 टक्क्यांनी मोठं झालं. वर ड्रिलने आतली कड खरवडली, म्हणजे प्रवाह किती ते आता देवालाच ठाऊक.

त्यात मेन जेट पाऊण मुठीच्या पुढे खरं काम करतो. याची तक्रार पाव ते अर्ध्या मुठीतली! तिथे स्लाइडला लटकलेली सुई बोलते, मेन जेट नाही. म्हणजे दुखणं गुडघ्याचं आणि मलम कोपराला.

मग सायलेन्सरमधला बॅफल (आवाज दाबणारा आतला भाग) काढला. ‘काका, आता आवाज तरी भारी येतोय की!’ गाडी गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून कोकणात नेली, आणि परतताना ती चढावर भकाभका धूर काढत कशीबशी आली. प्लग काळा कोळसा. ऑइलची कांडी काढून वास घेतला तर सरळ पेट्रोलचा वास. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली क्रँककेसमध्ये उतरलं होतं. ऑइल पाण्यासारखं पातळ. असं काही दिवस चाललं असतं तर बोअरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीचं, काम निघालं असतं.

मी सगळं मूळ जागी आणलं. एअरबॉक्स, मूळ नंबरचा नवा जेट, बॅफल, नवं ऑइल. तक्रार अर्थातच होती तिथेच होती, पाव मुठीला दम. मग कार्बोरेटरचं वरचं झाकण उघडून डायफ्राम खिडकीच्या उजेडात धरला. दुमडीत टाचणीएवढं छिद्र. ओढ तिथून निसटत होती, स्लाइड वर यायला कंटाळत होती. कारण विचारलं तर कळलं, कधीतरी ‘सर्व्हिस’ करताना कार्बोरेटर अख्खाच्या अख्खा क्लीनरमध्ये भिजवला होता, डायफ्रामसकट. त्या द्रवाने रबर फुगतं आणि मग दुमडीत फाटतं. फिल्टर, जेट, लेथवाला आणि सायलेन्सरवाला असा सगळ्यांना पैसा देऊन झाला होता, दोष एका रबराच्या तुकड्यात होता.

तेव्हा सीव्हीवाल्या गाडीत मुठीच्या मधल्या भागात दम लागत असेल तर पहिलं काम डायफ्राम उजेडात बघणं. बसवताना त्याची कड खाचेत पूर्ण बसली आहे ना, झाकणाखाली चिमटली नाही ना, हे बोटाने चाचपा. क्लीनर मारायचा असेल तर रबर आधी बाहेर काढा. स्लाइडचं स्प्रिंग कापून ‘लवकर उचलते’ करणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. त्यांची गाडी बोलेलच.

कोणता जेट कुठे काम करतो हे न कळता हात घालणं

ढोबळ हिशोब असा. मूठ बंद ते आठवा भाग, पायलट (मंद चालीचा) जेट आणि पायलट स्क्रू. साध्या कार्बोरेटरमध्ये आठवा भाग ते पाव, स्लाइडच्या खालच्या कडेचा तिरपा काप. पाव ते पाऊण, सुई. त्यापुढे मेन जेट. सीमा एकमेकींत घुसतात, पण दिशा कळायला एवढं पुरतं.

माझी सवय अशी. मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या घरावर कागदी चिकटपट्टी लावतो आणि पेनाने बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा खुणा करतो. मग पन्हाळ्याच्या चढाला तिसऱ्या गियरमध्ये एकेका खुणेवर गाडी धरून बघतो. जिथे अडखळते तिथलाच भाग उघडतो, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. हे पोरांना कंटाळवाणं वाटतं. रविवारी सकाळी फिल्टर, जेट, प्लग आणि सायलेन्सर एकदम बदलून संध्याकाळी विचारतात, ‘यातलं नक्की कशाने बिघडलं?’ मला काय माहीत! तुम्हालाही आता कधी कळणार नाही.

सुईची क्लिप वरच्या खाचेत नेली की सुई खाली बसते आणि पेट्रोल कमी होतं. खालच्या खाचेत नेली की पेट्रोल वाढतं. खाच नसलेली सुई असेल तर तिच्या माथ्याखाली अर्ध्या मिलिमीटरचा पातळ वायसर घालून बघा. मध्यावरचा दम बऱ्याचदा तेवढ्यानेच जातो, आणि वायसर पुन्हा काढताही येतो.

जेट तारेने कोचू नका. पितळ मऊ असतं. कडक तारेने भोक ओरखडतं, आणि सुईने तर सरळ रुंदावतं. क्लीनर आणि हवेचा झोत, बस्स. तरी तुंबलं असेल तर नवा जेट आणा, तो काही सोन्याचा नसतो.

पायलट स्क्रू उलटा फिरवणं

नुकतीच मूठ उघडताना गाडी अडखळते ती बहुधा इथे. स्क्रू दोन प्रकारचे असतात. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू, बाहेर काढला की हवा वाढते आणि हवा-पेट्रोलचं मिक्श्चर लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. इंजिनच्या बाजूला असेल तर तो मिक्श्चरचा, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. एका गाडीवर शिकलेला माणूस दुसऱ्या गाडीवर तेच करतो आणि बरोबर उलटं घडतं. आधी स्क्रू हलक्या हाताने आत टेकवा आणि टेकेपर्यंतच्या फिरक्या मोजून लिहून ठेवा, म्हणजे परतीचा रस्ता राहील. आत आवळू नका. टोक निमुळतं असतं, ते मोडून भोकात अडकलं तर कार्बोरेटरच बदलावा लागतो. इंजिन गरम झाल्यावर पाव-पाव फिरकीने जिथे आयडल (रेस न देता इंजिनचा वेग) सर्वांत वर आणि स्थिर लागतं तिथे ठेवा. मी त्यानंतर पेट्रोलच्या बाजूला किंचित, अगदी आठवा हिस्सा झुकवतो. याला शास्त्र म्हणा किंवा खोड म्हणा, पण सिग्नलला गाडी त्यामुळे गोड उचलते.

जुन्या गाडीवाल्यांनी इथे आणखी एक लक्षात घ्यावं. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलच्या 1 किलोला जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9, आणि मिश्रणाला 13.5 च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आता थोडं जास्त इंधन हवं. एफआय गाडी सेन्सरवरून ते सावरते, कार्बोरेटरला पत्ता नसतो. जुनं सेटिंग थोडं लीनच पडतं. शिवाय उंची. महाबळेश्वर सुमारे 1350 मीटरवर, मालवण समुद्रावर. वर हवा विरळ म्हणून गाडी रिच होते (पेट्रोल जास्त पडतं), खाली लीन. वर बसून ‘एकदम परफेक्ट’ केलेली गाडी कोकणात फटफटली तर कार्बोरेटरला शिव्या घालू नका.

आयडल एकदम चढून राहत असेल, रेस सोडल्यावर हळूहळू उतरत असेल, तर स्क्रूला हात लावण्याआधी कार्बोरेटर आणि इंजिनच्या हेडमधला रबरी पाइप तपासा. भेगेतून हवा शिरत असेल तर कितीही ट्यूनिंग केलं तरी व्यर्थ.

एकेका ओळीत

महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल साध्या कॉम्प्रेशनच्या गाडीला पिकअप देत नाही. कंपनीने साधं सांगितलंय तर तेच घाला.

इरिडियम प्लग चांगला, पण मिक्श्चर चुकलेलं असेल तर तोही काळाच होणार.

जुन्या ट्विन स्पार्क पल्सरला भलताच कार्बोरेटर लावाल तर थ्रॉटलप्रमाणे ठिणगीची वेळ बदलणारी ‘ट्रिक्स’ यंत्रणा बंद पडते, आणि मग खालचा पिकअप जाऊन वर ‘मोठा कार्बोरेटर लावलाय’ एवढंच सांगायला उरतं.

आरएक्सवाल्यांनो, टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच ऑइल येतं. लीन केली की इंधन कमी आणि उष्णता जास्त, आणि ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून घालत असाल तर ऑइलही कमी. पिस्टन चिकटतो तो सांगून चिकटत नाही. सायलेन्सर बदलला की मेन जेट आधी मोठा, मग हळूहळू लहान. उलट क्रमाने कधीच नको.

बॅफल काढलेल्या सायलेन्सरने खालची ओढ बहुधा घटते, फक्त आवाजामुळे गाडी वेगात वाटते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 182ए(4) नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलिसांनी असे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील.

एफआय गाडीला हवेच्या तापमानाच्या सेन्सरवर रेझिस्टर लावून ‘चिप’ म्हणून विकतात. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, हवा थंड आहे असं खोटं सांगून तो पेट्रोल वाढवतो. सरळ चालीत ऑक्सिजन सेन्सर ते पुन्हा कमी करतो, म्हणजे पैसे गेले आणि गाडी तिथेच.

आणि जे खरंच काम करतं ते कुणी करत नाही

पुढचा स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, एका दाताने लहान करा. 15 चा 14 केला तर मागच्या चाकाची ओढ सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, सगळ्या गियरमध्ये, कार्बोरेटरला हात न लावता. किंमत म्हणजे हायवेला तेवढ्याच वेगाला इंजिन जास्त फिरेल, मायलेज थोडं घटेल. रोज मुंबईला जाणाऱ्याने करू नये. गावातल्या गावात आणि घाटात फिरणाऱ्याने जरूर करून बघावं. मात्र झिजलेल्या चेनवर नवा स्प्रॉकेट बसवू नका, दात महिन्याभरात कुरतडले जातील. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच घ्या. पुढच्या स्प्रॉकेटची लॉक प्लेट जुनी वाकडी झाली असेल तर तीही नवी घ्या, आणि पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा एकदा आवळून बघा.