विळी सोडून सुरी धरताना

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, "तू ते शेफचं शिकलीस ना, मी करू का? माझ्या हातचं सगळ्यांना आवडतं." हातचं आवडतं हे छानच, पण इथे अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजातल्या, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजातल्या, कलिनरी (पाककलेच्या) कोर्सचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. उलट पहिल्या सत्रात घरी उत्तम रांधणाऱ्याच जास्त अडखळतात. मीही अडखळले.

आधी व्हिसाचं, कारण तिथेच लोक फसतात. नवऱ्याच्या एच-वन या नोकरीच्या व्हिसामागे एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, आलेल्यांना शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही. कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस काढला आणि इथेच राहायचा इरादा कागदोपत्री दाखवता आला, की एच-फोरवरही रहिवाशाची फी लागू होऊ शकते. २०१२ पासून ती युनिटला, म्हणजे अभ्यासक्रमाच्या एका श्रेयांकाला, ४६ डॉलर आहे. बाहेरच्यांची याच्या कितीतरी पट. हौसेने एफ-वन हा विद्यार्थ्यांचा व्हिसा करून घ्याल तर बहुधा बाहेरच्यांचीच फी भराल. माझ्या एका मैत्रिणीने तेच केलं, कुणाला न विचारता. पण एच-फोरवर काम करता येत नाही आणि बऱ्याच कोर्समध्ये शेवटी हॉटेलात किंवा कँटीनमध्ये तास भरावे लागतात. त्यासाठी ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, हवं. ते २०१५ पासून मिळतं, पण नवऱ्याचं ग्रीनकार्डाचं गाडं पुढे सरकलेलं असेल तरच. 'बिनपगारी केलं तर चालतं गं' असं कुणी सांगितलं तर वकिलाला विचारा, मैत्रिणीला नको.

बे एरियात ओकलंडचं लेनी, प्लेझंट हिलचं डायब्लो व्हॅली, सॅन फ्रान्सिस्कोचं सिटी कॉलेज, असे बरेच पर्याय आहेत. पदवी घ्यायची तर ६० युनिट, इंग्रजी-गणितासकट. नुसतं सर्टिफिकेट लवकर होतं. मी सर्टिफिकेटच केलं. पोर लहान होतं.

आता सुरी. मी वाढले विळीवर. विळीचं पातं जागच्या जागी असतं आणि भाजी हलते. सुरीचं नेमकं उलटं. तीस वर्षं उजव्या हाताने गाजर पुढे ढकललेलं, आता तोच हात सुरी चालवणार आणि डाव्याने बोटं आत मुडपून गाजर धरायचं. पहिले तीन आठवडे माझा डावा अंगठा सारखा बाहेर यायचा. शेफ, म्हणजे आमचे मास्तर, ओरडायचे नाहीत. खिशातून पट्टी काढायचे. पाव इंचाचे चौकोनी तुकडे म्हणजे स्मॉल डाइस, त्याच्या निम्मे म्हणजे ब्रुन्वाझ. माझ्या ढिगातले दोन तुकडे उचलून पट्टीवर शेजारी शेजारी ठेवायचे आणि म्हणायचे, "हे दोघं सख्खे भाऊ वाटत नाहीत." एक तुकडा शिजतो तेव्हा दुसरा कच्चा असतो, म्हणून हा हट्ट. पोह्यांचा कांदा आपण कधी मोजलाय?

दुसरी सवय सुटायला जास्त वेळ लागला. आमच्याकडे नैवेद्याआधी चव घ्यायची नाही. मीठ अंदाजाने, वासाने कळतं, आणि खरंच कळतं. पहिल्या सूपच्या वेळी शेफनी विचारलं, "चाखलंस?" मी म्हटलं, वास बरोबर आहे. त्यांनी वाटी माझ्याकडे परत सरकवली. तिथे दर टप्प्याला चाखायचं, दर वेळी नवा चमचा. उष्ट्याच्या बाबतीत मात्र आपण घरूनच तयार होऊन जातो.

शाकाहारी असाल तर आधी शिक्षकांशी बोला. अख्ख्या कोंबडीचे आठ तुकडे करणं, हाडं उकळून त्यांचा स्टॉक, म्हणजे सूपसाठीचा अर्क, काढणं हे टळत नाही. चाखण्याबद्दल काही जण सवलत देतात, काही देत नाहीत. मी कोंबडी खाते. वासराच्या हाडांचा स्टॉक जिभेला लावून थुंकला आणि कुणाला काही वाटलं नाही.

अन्नसुरक्षेचा वर्ग कंटाळवाणा वाटतो, पण माझं घरचं स्वयंपाकघर बदललं ते त्यानेच. ४१ ते १३५ फॅरनहाइट हा जंतूंचा सुकाळ. गरम अन्न दोन तासांत ७० पर्यंत आणि पुढच्या चार तासांत ४१ पर्यंत उतरलं पाहिजे. म्हणजे सकाळचा भात ओट्यावर ठेवून रात्री फोडणीचा भात करायचा, हे बसत नाही. आता मी आमटीसुद्धा उथळ ट्रेमध्ये ओतून निववते. सासूबाई बघत राहतात. हातात साध्या अंगठीशिवाय काही चालत नाही, बांगड्या तर नाहीच. व्हिडिओ कॉलवर आईचं लक्ष पहिलं मनगटाकडे गेलं होतं.

वर्गात एकोणीस वर्षांची पोरं, सैन्यातून परतलेला एक जण आणि बारा वर्षं हॉटेलात राबलेली एक मेक्सिकन बाई होती. सर्टिफिकेट नाही म्हणून तिची बढती अडलेली. तिच्याशेजारी उभं राहण्याची संधी सोडू नका. ती पुस्तक उघडायच्या आत ओटा लावून मोकळी असायची. भांडी घासण्याची पाळी सगळ्यांना येते. मागून जाताना 'बिहाइंड' ओरडायची इतकी सवय लागते, की एकदा देवघरात नवऱ्याच्या मागून जातानाही ओरडले.

नोकरीचं सांगायचं तर हॉटेलात संध्याकाळ, शनिवार-रविवार आणि दिवाळी सगळं जातं. म्हणून मी एका कंपनीच्या कँटीनमध्ये आहे, पहाटे पाच ते दीड. रोज चाळीस पौंड कांदा. चाकूंचा संच सुरुवातीला साधाच घ्या, पण बूट चांगले घ्या, न घसरणारे, आणि दुपारी जाऊन घ्या. उभं राहून तोवर पाय सुजलेले असतात, तोच खरा नंबर.