नाटकातल्या भुतावर परिच्छेद लिहिताना

पूर्व विदर्भातल्या वडसा-ब्रह्मपुरीकडच्या पोरांना दिवाळीनंतर रातभर झाडीपट्टीची (म्हणजे त्या भागातली लोकप्रिय) नाटकं पाहायची सवय. मंचावर भूत आलं की मंडपात काय होतं, हे त्यांना सांगावं लागत नाही. पण बी.ए.च्या पेपरात शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधल्या भुतावर (हॅम्लेटच्या मेलेल्या बापाच्या) प्रश्न आला की निम्मं पान कथानकातच जातं. कथानक तपासणाऱ्याला पाठ असतं.

भूत खरं की भास, या वादातही अडकू नका. ते कोणाला दिसतं ते बघा. पहिल्या अंकात पहारेकऱ्यांना दिसतं, हॅम्लेटचा मित्र होरेशिओ यालाही दिसतं. तिसऱ्या अंकात आईच्या दालनात मात्र फक्त हॅम्लेटला. समोरच असलेल्या आईला, गर्ट्रूडला, काहीच नाही. परिच्छेदाचं पहिलं वाक्य इथूनच काढा: ‘सुरुवातीला चारचौघांना दिसणारं भूत पुढे एकट्या हॅम्लेटचं उरतं.’ मग त्या प्रसंगातलं गर्ट्रूडचं एखादं छोटं वाक्य द्या (अख्खा संवाद उतरवू नका) आणि त्यातून मायलेकांबद्दल काय कळतं ते लिहा. जास्त मार्क इथेच असतात. ‘यामुळे गूढ वातावरण तयार होतं’ हे वाक्य कोणत्याही भुताला चालतं, म्हणून खोडाच.

दुसऱ्या परिच्छेदाला हॅम्लेटची शंका घ्या: हे भूत सैतानही असू शकतं, म्हणून राजानेच बापाचा खून केला हे भुताचं म्हणणं खरं का, याची तो राजासमोर नाटक करवून खात्री करून घेतो.