उत्परिवर्तन वर्गात कसे शिकवावे

उत्परिवर्तनाचा, म्हणजे जनुकातल्या मजकुरात होणाऱ्या बदलाचा, पाठ बहुधा व्याख्येने सुरू होतो आणि प्रकारांच्या तक्त्यावर संपतो. मुले तो तक्ता पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. जनुकातला मजकूर (ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांचा) तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो, ही गोष्ट हातात बसल्याखेरीज व्याख्येकडे वळूच नये, असे माझे मत आहे.

इंदूरमध्ये मराठी घरांतल्या मुलांना शिकवताना मी फळ्यावर एक वाक्य लिहिते: ‘आजोबा सकाळी कचोरी खातात’. प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा आहे. मधली मोकळी जागा आपल्या सोयीची, पेशीला ती दिसत नाही, हे आधीच सांगून टाकावे. आता ‘चो’च्या जागी ‘टो’ लिहिला, की आजोबा कटोरी खाऊ लागतात. एक अक्षर बदलले, एकच शब्द बिघडला. त्यानंतर मूळ वाक्यातला ‘जो’ पुसून उरलेली अक्षरे पुन्हा तीन-तीनच्या गटांत मुलांकडूनच मांडून घ्यावीत; ‘आबास काळीक चोरीखा तात’ असे काहीतरी हाती येते. हसणे ओसरू द्यावे आणि मग विचारावे, की अक्षर बदलल्यापेक्षा गाळल्याने नुकसान जास्त का झाले. वाचनाची चौकट सरकली, हे उत्तर मुले आपल्या शब्दांत देतात. शेवटी ‘सकाळी’ हा अख्खा शब्द पुसावा: वाक्य तोकडे झाले तरी पुढचे शाबूत राहते. म्हणून तीन अक्षरे गळणे नेहमीच निरुपद्रवी असते, असे मात्र म्हणू नये. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या पुष्कळ रुग्णांमध्ये नेमकी तीनच अक्षरे गळलेली असतात आणि प्रथिनातले एकच अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतला एक मणी; तीन अक्षरांमागे एक) नाहीसे झालेले असते.

दुसऱ्या तासाला खरा मजकूर द्यावा. हिमोग्लोबिन या रक्तातल्या प्रथिनाच्या बीटा साखळीच्या जनुकाची सुरुवातीची 30 अक्षरे कागदी पट्टीवर सलग लिहून द्यावीत: एटीजीजीटीजीसीएटीसीटीजीएसीटीसीसीटीजीएजीजीएजीएएजीटीसीटी. मुलांनी पेन्सिलीने तिसऱ्या-तिसऱ्या अक्षरानंतर रेघ मारावी, टीऐवजी यू लिहून (आरएनएत टीच्या जागी यू असतो) कोणत्या त्रिकूटाचे कोणते अमिनो आम्ल हे सांगणाऱ्या संकेततक्त्यातून अमिनो आम्ले शोधावीत. मग पहिल्या ‘जीएजी’तला ए खोडून टी करायला सांगावे: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आले, आणि हाच सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा बदल. हा बदल सहाव्या स्थानी असल्याचे वाचलेली चौकस मुले येथे हटकून अडतात, कारण त्यांच्या पट्टीवर तो सातवा भरतो. आरंभीचे मेथिओनिन तयार प्रथिनातून काढून टाकले जाते आणि जुनी मोजणी त्याच्या पुढून सुरू होते, एवढे सांगितले की शंका फिटते. मुलाने चूक मोजले असे म्हणून ती दडपू नये. याच ‘जीएजी’चे ‘जीएए’ केले तर अमिनो आम्ल तेच राहते, ‘टीएजी’ केले तर साखळी तेथेच तुटते. एकाच त्रिकूटावर तीन परिणाम दिसले, की प्रकारांची नावे सांगायला पाच मिनिटे पुरतात.

अतिनील किरण, क्ष-किरण, तंबाखूतली रसायने ही कारणे थोडक्यात उरकावीत. शरीराच्या इतर पेशींतला बदल संततीकडे जात नाही, बीजपेशींतला जाऊ शकतो, हा भेद मात्र सोडू नये. त्याहून अधिक वेळ एका गैरसमजाला द्यावा. ‘डास औषधाला सरावले’ असे आपण सहज म्हणतो आणि त्या एका क्रियापदाने सगळा घोटाळा होतो. डासांनी गरजेपोटी बदल घडवलेला नसतो. बदल आधीच काही डासांत योगायोगाने झालेला असतो, औषधाने बाकीचे मरतात आणि हे वाचलेले वाढतात.

सिकलसेलचा विषय आमच्या भागात जपून बोलावा लागतो. झाबुआ-अलीराजपूर या आदिवासीबहुल जिल्ह्यांकडची मुले इंदूरच्या वसतिगृहांत राहून शिकतात, आणि ‘हा आदिवासींचा आजार’ असे शिक्षकाच्या तोंडून निघाले तर ती मुले पुढचा तासभर मान वर करत नाहीत. जेथे मलेरिया पिढ्यानपिढ्या होता तेथे हे जनुक टिकले, कारण एकच प्रत असलेल्या वाहकाला गंभीर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, असे कारण सांगितले की जातीजमातीचा प्रश्न मागे पडतो. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, आणि आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे फळ्यावर चौकट काढून दाखवावे. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी आपल्याच मध्य प्रदेशात, शहडोल येथे सुरू झाली, त्यामुळे तपासणीचा विषय मुलांनी ऐकलेला असतो. वर्गात कोणालाही त्याचा किंवा घरच्यांचा अहवाल विचारू नये. मी टेबलावर चिठ्ठ्यांचा एक डबा ठेवते. नाव न लिहिता टाकलेल्या प्रश्नांना पुढच्या तासाला सर्वांसमोर सर्वसाधारण उत्तर देते, आणि एखादी चिठ्ठी फारच खासगी वाटली तर ती वाचून न दाखवता तपासणी कोठे होते एवढेच फळ्यावर लिहिते.