आधी रीअपटेक इनहिबिटर, मग उत्तेजक: माइसवरच्या प्रयोगाची मांडणी

प्रश्न असा: रीअपटेक इनहिबिटर, म्हणजे चेतापेशीने सोडलेले डोपामीन-सेरोटोनिनसारखे संदेशवाहक परत आत ओढणारे ट्रान्स्पोर्टर अडवणारे औषध, आधी दिले तर उत्तेजकाचा परिणाम बदलतो का? आधी उत्तेजक कोणते ते ठरवा. इनहिबिटर, डोस, वेळ सगळे त्यावर अवलंबून. कोकेन डोपामीन, नॉरॲड्रेनालीन आणि सेरोटोनिन या तिन्हींचे ट्रान्स्पोर्टर अडवून ठेवते. ॲम्फेटामाइन मात्र त्याच ट्रान्स्पोर्टरमधून पेशीत शिरते आणि आतले डोपामीन उलटे बाहेर ढकलते. म्हणून जीबीआर-१२९०९सारखा डोपामीन-इनहिबिटर आधी दिला तर ॲम्फेटामाइनची वाट अडते. पण तो एकटाही माइसला पळवतो, त्यामुळे निव्वळ आकडे पाहून काहीच कळत नाही. कॅफीन सोपे पडते, पण ते ॲडेनोसिन रिसेप्टर अडवते; या प्रश्नासाठी निरुपयोगी.

ठाणे-नवी मुंबईतल्या एम. फार्म.च्या विद्यार्थ्यांनी आयएईसीची (संस्थेच्या प्राणी-प्रयोग नीतिमत्ता समितीची) मंजुरी आणि एनडीपीएस (अमली पदार्थविषयक) कायद्याखालची परवानगी हातात आल्याशिवाय माइस मागवू नयेत. मिथाइलफेनिडेट या उत्तेजकालाही हा कायदा लागू आहे.

ग्रुप चार हवेत: सलाईन-सलाईन, इनहिबिटर-सलाईन, सलाईन-उत्तेजक, इनहिबिटर-उत्तेजक. दुसरा ग्रुप जागा वाचवायला गाळला जातो, आणि तिथेच प्रयोग फसतो. प्रत्येकात ८ ते १० माइस. माउसला ॲक्टोफोटोमीटरमध्ये (हालचालीने प्रकाशाचे बीम किती वेळा तुटले ते मोजणाऱ्या पेटीत) ३० मिनिटे रुळू द्या, मग फ्लुऑक्सेटीन (सेरोटोनिनचा रीअपटेक इनहिबिटर) १० मिग्रॅ/किलो आय.पी. (पोटाच्या पोकळीत), ३० मिनिटांनी डी-ॲम्फेटामाइन २ मिग्रॅ/किलो, आणि पुढचा एक तास दर ५ मिनिटांची नोंद. इंजेक्शनचा घनफळ १० मिली/किलो धरला तर २५ ग्रॅमच्या माउसला ०.२५ मिली जाते. डोस बेसचा (मूळ औषधाचा) की सॉल्टचा (त्याच्या क्षाराचा), हे वहीत लिहाच: २ मिग्रॅ बेस म्हणजे सल्फेट सुमारे २.७ मिग्रॅ. एकाच माउसवर आलटूनपालटून डोस देऊ नका; फ्लुऑक्सेटीनपासून बनणारे नॉरफ्लुऑक्सेटीन शरीरात बराच काळ रेंगाळते.

आकडे घसरले की लगेच ‘परिणाम अडला’ असे लिहू नका. उत्तेजकाचा परिणाम फार वाढला तर माउस जागच्या जागी हुंगत, डोके हलवत राहतो आणि बीम तुटतच नाहीत. व्हिडिओ घ्या, ग्रुप माहीत नसलेल्या व्यक्तीकडून स्टिरिओटिपीचे (अशा एकसुरी, पुन्हापुन्हा होणाऱ्या हालचालींचे) गुण द्या.

उलट, आकडे वाढले तर यकृताकडे पाहा. रॅटमध्ये ॲम्फेटामाइनचे मुख्यतः पॅरा-हायड्रॉक्सिलेशन होते (यकृत औषध मोडते ती प्रक्रिया) आणि डेसिप्रामिन हा नॉरॲड्रेनालीनचा रीअपटेक इनहिबिटर ते मंदावतो. मेंदूत औषधच जास्त साचते, ट्रान्स्पोर्टरचा त्यात काही हात नसतो. रॅट वापरत असाल तर वेगळ्या गटात मेंदूतली ॲम्फेटामाइनची पातळी एचपीएलसीने (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने) मोजा. विश्लेषण टू-वे ॲनोव्हाने (दोन घटकांचा परिणाम एकत्र तपासणारी सांख्यिकी चाचणी). इंटरॲक्शन टर्म पाहा, म्हणजे इनहिबिटरमुळे उत्तेजकाचा परिणाम बदलतो का ते; टी-टेस्टच्या जोड्या नकोत.

पावसाळ्यात खाडीकाठच्या हवेतली आर्द्रता सहज ७० टक्क्यांवर जाते, डीह्युमिडिफायर लावा. शेजारी पायलिंग चालू असेल तर त्या दिवसाची नोंद घेऊच नका, कंट्रोल ग्रुपही उधळतो.