‘बाकेरू’ खेळावा तो सावकाश

‘बाकेरू’ हा जपानी लोककथांवर बेतलेला प्लॅटफॉर्म प्रकारचा, म्हणजे धावत-उड्या मारत अडथळे ओलांडण्याचा, व्हिडिओ खेळ गुड-फील या कंपनीने तयार केला असून, जपानमध्ये तो नोव्हेंबर २०२३ मध्ये निन्टेन्डो स्विच या खेळयंत्रावर, तर इतर देशांत सप्टेंबर २०२४ मध्ये स्विचवर आणि संगणकासाठी स्टीम या ऑनलाइन दुकानात आला. खेळ देखणा आहे आणि सोपाही आहे. गेल्या पावसाळ्यात शाळांना अचानक सुट्टी जाहीर झाली, त्या दिवशी परळच्या आमच्या घरी नऊ वर्षांच्या भाच्याने दुपारच्या जेवणाआधीच चार टप्पे धावत संपवले आणि “मावशी, यात काही कठीणच नाही,” अशी तक्रार केली. तक्रार खरी होती. चुकत होती ती खेळण्याची रीत.

सुरुवात काठ्यांपासून करावी. नायक ‘तनुकी’ आहे, म्हणजे कुत्र्याच्या कुळातला एक जपानी प्राणी. लोककथांमध्ये तो हवे ते रूप घेतो आणि स्वतःच्या पोटावर ताल धरतो. ‘बाकेरू’ या शब्दाचा अर्थच रूप पालटणे असा आहे. म्हणूनच त्याच्या हातात तलवार नसून तायको ढोलाच्या दोन काठ्या आहेत. कंट्रोलरचा उजवा ट्रिगर (बोटाखालचे बटण) दाबला की उजवी काठी चालते आणि डावा दाबला की डावी. नवखा खेळाडू एकच ट्रिगर बडवत राहतो, तसे न करता दोन्ही आलटूनपालटून वापरावेत. आपल्या ढोलपथकात एका हातात टिपरू असते आणि दुसऱ्या हाताची थाप पडते, त्यामुळे गिरगावात सराव केलेल्या माणसाला दोन्ही हातांत काठ्या घेणे आधी विचित्र वाटेल, पण ताल लगेच जमेल.

प्रत्येक टप्प्यात उत्सवाचे तीन कंदील फोडल्याखेरीज शेवट गाठता येत नाही. ते सहज सापडतात, आणि घाई होते ती इथेच. त्याच टप्प्यात तीन स्मरणवस्तू आणि माहितीचे पाच तुकडे लपलेले असतात. ही आठही सापडल्याशिवाय टप्पा संपवायचा नाही, असा नियम स्वतःच घालून घ्यावा. वाट उजवीकडे जात असेल तर आधी डावीकडे पाहावे, कड्याच्या टोकावरून खाली डोकवावे आणि इमारतींच्या मागे चक्कर मारावी. माहिती सांगणारे पात्र विष्ठेच्या आकाराचे आहे; भाचा तेवढ्यासाठी कोपरान् कोपरा धुंडाळू लागला. एखादी वस्तू राहिलीच, तर त्या टप्प्यात पुन्हा जाता येते.

पुढे नायकाला मोमोतारो, किंतारो, इस्सुन-बोशी आणि उराशिमा तारो या लोककथांतल्या नायकांची रूपे मिळतात. लहान मूल सोबत असेल तर रूप मिळताच खेळ थांबवून ती गोष्ट मराठीत सांगावी, कारण पडद्यावरचा इंग्रजी मजकूर वाचण्याइतका धीर मुलांना नसतो. जपानी मुलांना नदीतून वाहत आलेल्या पीच फळातला मोमोतारो आपल्या ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’इतका ओळखीचा असतो. इस्सुन-बोशी जेमतेम तीन सेंटिमीटर उंच, भाताच्या वाडग्याची होडी करणारा आणि सुईची तलवार बाळगणारा; एवढे कळले की त्याच्या रूपात अरुंद फटी शोधण्याचे मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.